दोनचा शून्य घात

"तिसऱ्या प्रश्नाला मी चुकते," वत्सला सबनीस म्हणाली. "तुम्ही फक्त घाबरू नका, सर. सर घाबरले की आमचीही लय जाते."

मधली सुट्टी होती. आठवी 'ब'च्या वर्गात मी टेबलाला टेकून उभा होतो आणि अडतीस मुली डबे उघडून माझी तयारी करून घेत होत्या. ही त्र्याहत्तर सालातली, कराडची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि बी. एड. करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला माझा अंतिम पाठ होता. अंतिम पाठ म्हणजे पस्तीस मिनिटं एका वर्गाला शिकवायचं. मागे बाहेरगावचा परीक्षक बसतो. तो जे गुण देईल त्यावर आपण मास्तर होणार की नाही ते ठरतं.

"चुकते म्हणजे? तिसऱ्याचं उत्तर येत नाही का तुला?" मी विचारलं.

"येतं की. पण तिन्ही उत्तरं बरोबर आली तर तुम्ही हेतुकथन कधी करणार?" वत्सलाने पोळीचा घास मोडता मोडता मला समजावलं. "आम्हाला सगळंच येतंय म्हटल्यावर तुम्ही शिकवणार काय?"

हेतुकथन म्हणजे "मुलींनो, आज आपण अमुक अमुक शिकणार आहोत" हे वाक्य. मुलींचं अज्ञान नेमकं उघडं पडलं की त्याच क्षणी ते म्हणायचं, अशी पद्धत होती. तेव्हा अज्ञान वेळेवर उघडं पडणं फार महत्त्वाचं.

या कामी आठवी 'ब'चा हात धरणारा वर्ग पंचक्रोशीत नव्हता. आमच्या कॉलेजला हीच शाळा जवळ, म्हणून येतील त्या सगळ्या भावी शिक्षकांना याच वर्गावर सोडायचे. सातवीपासून या मुलींवर इतके पाठ झाले होते, की पाठ घेण्याचं शास्त्र आमच्या प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. वत्सला वर्गाची मॉनिटर. तिच्याकडे एका वहीत कामाची वाटणी लिहिलेली असायची.

"पहिली दोन उत्तरं मी बरोबर देते. तिसऱ्याला चुकते. मग तुम्ही हेतुकथन करा. विवेचनात सुगंधा अडते."

दुसऱ्या बाकावरची एक काळीसावळी, किडकिडीत मुलगी उभी राहिली. सुगंधा पिसाळ. नदीपलीकडच्या गावातून रोज चालत यायची.

"तुम्ही दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात विचारलं की मी म्हणते, दोनचा बारावा घात," तिने सांगितलं. "तीन चोक बारा केलं म्हणून. मग तुम्ही म्हणायचं, 'नीट विचार कर बरं.' मग मी जरा थांबते आन् म्हणते, सातवा."

"जरा म्हणजे किती?"

"मनात पाच आकडे मोजते, सर. त्याच्यावर जास्त थांबलं की परीक्षक नाराजीनं मान हलवत्यात."

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," वत्सला म्हणाली, "शेवटच्या बाकावरच्या नसीमला काही विचारायचं नाही."

शेवटच्या बाकावर नसीम बागवान शांतपणे भाकरी खात होती.

"का? तिला येत नाही?"

"तिला लगेच येतं. तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. मागच्या वेळी तिच्यामुळे कुलकर्णी सरांचा पाठ अकरा मिनिटांत संपला. उरलेली चोवीस मिनिटं सर फळा पुसत होते."

नसीमने माझ्याकडे पाहून क्षमा मागितल्यासारखी मान हलवली.

"आणि घातांक हा विषय तुमच्यावर आधी झालाय?"

"तुम्ही बारावे," अडतीस मुली एका आवाजात म्हणाल्या.

आता माझी परिस्थिती सांगतो. कोरेगावच्या बाजूच्या एका गावी मी हंगामी शिक्षक होतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मला गणित होतं. तेवढ्या भांडवलावर, आणि गावात दुसरा कोणी पदवीधर उपलब्ध नव्हता म्हणून, मुख्याध्यापकांनी मला गणित दिलं होतं. त्यांचं पत्र माझ्या खिशात होतं. जूनपर्यंत बी. एड. होऊन आलात तर तुमची जागा कायम. नाहीतर संस्थेच्या अध्यक्षांचे जावई बी. एड. होऊन घरी बसलेच आहेत. आदल्या वर्षी मी पाठात नापास झालो होतो. शेरा होता : 'आवाज मागे पोचत नाही. पुढेही पोचत नाही.' आता ही शेवटची संधी. घरी आई होती आणि अकरावीतली धाकटी बहीण होती. दोघींनी माझं गणितावरचं प्रभुत्व गृहीत धरलं होतं.

शिवाय परीक्षक म्हणून घैसास सर येणार होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन आणि उपयोजन या पाच पायऱ्यांनीच पाठ झाला पाहिजे, या मताचे ते जिल्ह्यातले सर्वांत मोठे पुरस्कर्ते. या पंचपदीवर त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती, आणि गावोगाव फिरून ते तिच्यावर व्याख्यानं देत. ते चहासुद्धा पाच पायऱ्यांनी पितात अशी एक अफवा होती. ती मीच उठवली होती.

तयारी म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातला जाडजूड कोश काढून बघितला. घातांकाला इंग्रजीत एक्स्पोनंट म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. कोशात त्या शब्दाचे दोन अर्थ दिले होते. एक, संख्येच्या डोक्यावर उजवीकडे बसणारा छोटा आकडा. दोन, एखादा विचार लोकांना उलगडून सांगणारा आणि त्याचा पुरस्कार करणारा माणूस. म्हणजे उद्या वर्गात दोन्ही हजर राहणार होते. पहिला फळ्यावर आणि दुसरा मागच्या खुर्चीवर. दोघांच्या मधोमध मी, आणि माझी दोघांशीही ओळख नव्हती.

पण माझं टाचण तयार होतं. टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा याचा मिनिटामिनिटाचा लेखी आराखडा. फुलस्केपचे चार कागद. त्यात घातांकाचे चार नियम होते. पहिले तीन मला समजले होते. चौथा असा : कोणत्याही संख्येचा शून्य घात एक असतो. तो समजला नव्हता, पण पाठ होता. पाठ असलं की समजल्यासारखं वाटतं.

"सर, विवेचन झालं की तुम्ही म्हणायचं, 'काही शंका?' " वत्सला वही मिटत म्हणाली. "आम्ही सगळ्या म्हणणार, 'नाही, सर.' की तुम्ही पुढे जायचं. झालं. आजवर आमच्या वर्गावर कुणालाही साठाच्या खाली मिळालेले नाहीत."

हे तिने एखाद्या जुन्या, नावाजलेल्या दुकानदाराच्या रुबाबात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घैसास सर अकरा वाजून चौदा मिनिटांनी आले. धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात घड्याळ. ते मागे खुर्चीवर बसले आणि घड्याळ मांडीवर ठेवलं. मी वर्गात शिरलो. अडतीस मुली उठल्या, बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही निरागस अज्ञान पसरलं होतं, की क्षणभर मलाच यांना शिकवावंसं वाटू लागलं.

पहिला प्रश्न. वत्सला बरोबर. दुसरा प्रश्न. वत्सला बरोबर.

"आता सांग," मी म्हणालो, "दोन हा आकडा दहा वेळा घेऊन त्यांचा गुणाकार केला, तर थोडक्यात कसं लिहिशील?"

वत्सलाने कपाळाला आठ्या घातल्या. छताकडे पाहिलं. तसा अभिनय मी पुढे नाट्यगृहातही फारसा पाहिला नाही.

"बे दाहे वीस, सर?"

"बस खाली. मुलींनो, आज आपण घातांक आणि त्याचे नियम शिकणार आहोत."

घैसास सरांनी कागदावर खूण केली. पुढे सगळं ठरल्यासारखं झालं. मी सांगितलं, खालचा आकडा तो पाया, वर कोपऱ्यात बारीक अक्षरात बसतो तो घातांक. तो स्वतः काही करत नाही, पण खालच्याला किती राबायचं ते तो ठरवतो. हे वाक्य टाचणात नव्हतं. दोन मुली खुदकन हसल्या आणि मी घाबरून परत टाचणावर आलो. सुगंधाने दोनचा बारावा घात सांगितला. मी नीट विचार करायला सांगितलं. ती पाच आकडे मोजून थांबली आणि सातवा म्हणाली. घैसास सरांनी दुसरी खूण केली.

चौथा नियम मी फळ्यावर लिहिला. दोनचा शून्य घात बरोबर एक. पाचाचा शून्य घात बरोबर एक. सतराचा शून्य घात बरोबर एक.

"काही शंका?" मी म्हणालो.

"नाही, सर," वर्ग म्हणाला.

मी तसाच उभा राहिलो.

 मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आणि मग सुगंधा पिसाळचा हात वर झाला. वत्सलाने मागे वळून तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी एखादी असती तर हात खाली घेतला असता.

"विचार," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"सर, दोनचा शून्य घात एक कसा? शून्य घात म्हंजी दोन एकदा पण घ्यायचा न्हाय. मग काय पण नसंल ना? शून्य यायला पाहिजे. एक कुठनं आला?"

"तो नियम आहे," वत्सला दातांवर दात ठेवून कुजबुजली.

"नियम हाय हे अकरा सरांनी सांगितलंय," सुगंधा तिला म्हणाली, पण जरा जास्तच मोठ्याने.

मागून घैसास सरांचा आवाज आला. "अकरा?"

वर्गातल्या अडतीस माना एकदमच खाली गेल्या.

मी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर माझ्याच अक्षरात तीन वेळा एक लिहिला होता, आणि तो कुठून आला हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर दोन रस्ते होते. 'नियम आहे, लिहून घे' असं म्हणायचं, संकलनाकडे जायचं, साठ गुण घ्यायचे आणि जूनमध्ये कायम व्हायचं. तिने हे अकरा वेळा ऐकलं होतं, बाराव्यांदा ऐकून तिचं काही बिघडणार नव्हतं. मी तोंड उघडलं. माझ्या मनात 'नियम आहे' हेच होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कसं निघालं हे मी अजून शोधतोय. मुद्दाम धाडस केलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण दोन्ही हातांनी टेबल धरून उभं राहण्याला धाडस म्हणत नाहीत.

"मला माहीत नाही, सुगंधा. मी पाठ केलंय. कुणाला माहीत आहे?"

 हे वाक्य वत्सलाच्या वहीत नव्हतं. अशा वेळी काय करायचं याची वाटणी झालेली नव्हती. आणि ज्या मुलीला काहीच काम दिलेलं नव्हतं तीच तेवढी मोकळी होती.

"सर, एक कागद द्या," नसीम बागवान शेवटच्या बाकावरून उठत म्हणाली.

माझ्याजवळ टाचणाखेरीज कागद नव्हता. ती पुढे आली आणि टेबलावरचा टाचणाचा पहिला कागद तिने उचलला. घरी ती आईबरोबर फळांसाठी कागदी पिशव्या करायची. कागद हातात घेण्याची तिची तऱ्हाच वेगळी होती.

"घडी घातली नाही. आता बघा." तिने कागद मधोमध दुमडला. "एक घडी. थर किती?"

"दोन," दोन-चार मुली म्हणाल्या.

"अजून एक."

"चार."

"अजून."

"आठ!" आता सगळा वर्ग.

"घड्या तीन, थर आठ. दोनचा तिसरा घात आठ. वरचा आकडा म्हणजे घड्या, उत्तर म्हणजे थर. बरोबर, सर?"

"बरोबर," मी म्हणालो. हे मला त्याच क्षणी कळत होतं. चेहरा मात्र मी आधीपासून माहीत असल्यासारखा ठेवला. तेवढं प्रशिक्षण झालं होतं.

"आता उलटं." तिने घडी उलगडली. "दोन घड्या."

"चार!"

"एक घडी."

"दोन!"

तिने शेवटची घडी उलगडली. माझ्या प्रस्तावनेचा पहिला प्रश्न, तीन चुण्यांसकट, वर्गासमोर पसरला.

"आता घड्या किती?"

"शून्य," वर्ग म्हणाला.

"आणि थर?"

 सुगंधा बाकावरून अर्धवट उठली होती. तिचे दोन्ही हात बाकावर टेकलेले होते, आणि ती त्या कागदाकडे अशी पाहत होती जणू तो पळून जाईल.

"एक," ती म्हणाली. मग ओरडलीच. "एक! घडी न्हाय, पण कागद हायच की!"

वर्ग हसला, पण तिला नाही. आनंदाने हसला. सुगंधा खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "मग नियम न्हाय तो. खरंच तसं हाय."

"मुली," घैसास सर मागून म्हणाले, "तो कागद इकडे आण."

नसीम कागद घेऊन गेली. घैसास सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझं टाचण मांडीवर घेऊन घड्या घालायला सुरुवात केली. पाच घातल्या. सहावी जोर लावून घातली. सातवी घालताना कोटाच्या बाह्या मागे घेतल्या. झाली नाही.

"चौसष्ट थर," ते स्वतःशीच म्हणाले. घंटा झाली. संकलन आणि उपयोजन, पंचपदीतल्या शेवटच्या दोन पायऱ्या, तशाच राहिल्या.

गुण सांगायला घैसास सर प्रयोगशाळेत बसले होते. मागे फळीवर बाटलीत एक बेडूक होता. त्याच्यापेक्षा माझी अवस्था बरी होती असं म्हणवत नाही.

"सासवडे, बसा. तुमच्या पाठात पाचांपैकी तीन पायऱ्या झाल्या. त्यातली तिसरी तुम्ही घेतलीत की त्या बागवानांच्या मुलीने, यावर वाद होऊ शकेल."

"होय, सर."

"अकरा म्हणाली ती. अकरांपैकी सहा पाठ मी तपासले आहेत, या वर्गावर. दर वेळी ती पिसाळांची मुलगी बारा म्हणते. दर वेळी." त्यांनी गुणांचा तक्ता पुढे ओढला. "मी तीन शेऱ्यांत लिहिलंय, 'मंद विद्यार्थिनीकडे विशेष लक्ष दिले.' त्याचे त्या लोकांना मी गुण दिलेत."

मी बेडकाकडे पाहिलं. त्यालाही हे नवीन होतं.

"नियमाप्रमाणे मी तुम्हाला नापास करायला पाहिजे. पण चाळीसच्या खाली गुण दिले तर या तक्त्यात कारण लिहावं लागतं. काय लिहू? 'विद्यार्थिनींना समजले' असं लिहू?" त्यांनी टोपण काढून पेन झटकलं. "आणि पंच्याहत्तरच्या वर दिले तरी कारण लिहावं लागतं. ते लिहिलं तर माझी पुस्तिका मला मागे घ्यावी लागेल. तिची दुसरी आवृत्ती छापायला गेलीय. मधले कितीही दिले तर पायऱ्यांचे वेगवेगळे गुण मांडावे लागतात, आणि ते काही जमणार नाही. तेव्हा चाळीस. बरोबर चाळीस. त्याला काही लिहावं लागत नाही."

"म्हणजे मी..."

"पास. काठावर." पेन बंद करताना त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "मी एकतीस वर्षं शिकवतोय, सासवडे. एक कुठून आला, हे मलाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं असेल. मी पुढे गेलो असेन."

मी त्यांच्या पाया पडलो. त्या अफवेबद्दल त्यांची मनातल्या मनात माफीही मागितली.

पाठ झाल्यावर वर्गाला लिमलेटच्या गोळ्या वाटायची पद्धत होती. शेवटचा तास रिकामा होता, म्हणून मी पुडा घेऊन वर्गात गेलो.

"किती, सर?" वत्सला दारातच उभी.

"चाळीस."

वर्ग सुतकात गेला. वत्सलाचे डोळे भरून आले. "चाळीस? आमच्या वर्गावर?" ती गर्रकन वळली. "सुगंधे, तुझ्यामुळे. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता कोण येईल आपल्या वर्गावर पाठ घ्यायला?"

सुगंधा मान खाली घालून बसली होती.

"वत्सला, मी पास झालोय," मी म्हणालो. "नोकरी कायम होणार माझी. रडतेस काय?"

"तुमचं ठीक आहे हो, सर. आमचं काय?"

गोळ्या वाटत वाटत मी दुसऱ्या बाकापाशी आलो. सुगंधाच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"रागावलाय का, सर?" तिने विचारलं.

"नाही. पण एक सांग. अकरा जणांनी 'काही शंका?' विचारलं तेव्हा तू 'नाही, सर' म्हणालीस. मग आजच का विचारलंस?"

ती जरा थांबली. मनात आकडे मोजत नव्हती, खरंच थांबली होती.

"ते सगळे म्हणायचे, 'काही शंका?' आन् लगेच फळा पुसाय वळायचे. पाठमोऱ्या माणसाला काय विचारायचं? तुम्ही विचारलं आन् आमच्याकडं बघत थांबला. म्हटलं, हे सर खरंच विचारत्यात. म्हणून विचारलं."

 खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

टाचणात त्या जागी कंसात लिहिलं होतं, 'शिक्षक फळा पुसतो.' ते मी विसरलो होतो. भीतीने माझ्या डोक्यातून पुढची सगळी पायरी साफ पुसली गेली होती. पुढे काय करायचं ते आठवेना, म्हणून मी उभा राहिलो होतो. मी कुणासाठी थांबलो नव्हतो. मी अडकलो होतो.

आणि त्या पोरीला वाटलं, मी तिच्यासाठी थांबलोय.

पुढे मी एकोणतीस वर्षं शिकवलं. फावल्या वेळात लोकांची टिंगल करणारं बरंच लिहिलं. त्यातलं काही छापलं गेलं, आणि काही छापलं गेलं म्हणून दोनदा माफीपत्रंही लिहावी लागली. लोकांनी माझे सत्कार केले आणि तिथे मी आईवडिलांचे, गुरुजनांचे, संपादकांचे आभार मानले. आठवी 'ब'चे आभार राहून गेले. पण 'काही शंका?' म्हटल्यावर मी एकोणतीस वर्षं कधी फळ्याकडे वळलो नाही. सुगंधा पिसाळने माझ्याबद्दल जो गैरसमज करून घेतला होता, तो खरा ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. चांगली गेली.

हे सगळं पुढचं. त्या दुपारी मात्र मी पुडा हातात घेऊन तिच्या बाकापाशी उभा होतो, आणि ती गोळी गालात सरकवत म्हणाली, "सर, अजून एक विचारू?"

"विचार."

"दोनचा शून्य घात एक. पाचाचा पण एक. मग शून्याचा शून्य घात किती?"

"एक," वत्सला डोळे पुसत म्हणाली. "कोणत्याही संख्येचा, असं लिहिलंय सरांनी."

"छट्! शून्य कितीदा पण घे, शून्यच येतंय," सुगंधा म्हणाली.

"पण तू तर एकदाही घेत नाहीयेस," मागून नसीम म्हणाली.

"मग तर त्याहून शून्य!"

"त्याहून शून्य असं काही नसतं, सुगंधे!"

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे आणखी पस्तीस जणींनी.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. या वेळी कशाला धरावं लागलं नाही. मी पुडा टेबलावर ठेवला आणि थांबलो. आता मुद्दाम.

पाच मिनिटांत वर्गात असा काही गलका झाला, की दोन मुली बाकावर उभ्या राहून फळ्याकडे हात करत होत्या, वत्सलाच्या हातात खडू होता आणि सुगंधा तो हिसकावून घेत होती. दार उघडलं. मुख्याध्यापिका बाई छडी घेऊन उभ्या होत्या. वर्ग जागच्या जागी थिजला.

"हा काय बाजार मांडलाय? कुणाचा तास आहे हा?"

मी सदरा नीट केला आणि पुढे झालो.

"माझा, बाई," मी म्हणालो.